टाकळा, सिंहगड, ८ सप्टेंबर

आईच्या माळ्यावरून माझी बीएस्सीची हर्बेरियम फाइल, म्हणजे वाळवून कागदावर लावलेल्या झाडांची फाइल, खाली आली. दुपारी रद्दीवाला यायचा होता. "तुझं काय ठेवायचंय ते बघ बाई," म्हणत आईनं ती टेबलावर ठेवली आणि फडक्यानं पुसली. निळं रेक्झिनचं कव्हर, कडेला कसर लागलेली, दोरीची गाठ इतकी आवळलेली की कात्री घ्यावी लागली. आत तीस शीट होती. डांबरगोळ्यांचा वास पार उडून गेला होता, नुसत्या जुन्या कागदाचा वास उरला होता.

अकराव्या शीटवर टाकळा होता. पानं तपकिरी झालेली, पण आकार जसाच्या तसा: तीन जोड्या, टोकाकडे रुंद होत गेलेल्या पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी पानं. दोन फुलं, पिवळा रंग जाऊन कागदासारखी झालेली. एक कोवळी, वाकडी शेंग. उजव्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लेबल: कॅसिया टोरा. स्थानिक नाव टाकळा. ठिकाण सिंहगड, उंची सुमारे १३०० मीटर. तारीख ८ सप्टेंबर १९९६.

८ सप्टेंबर १९९६ ला मी सिंहगडावर नव्हते. गणपतीच्या आठवडाभर आधीचा तो रविवार. वर्गातली सगळी मुलं पीएमटीनं पायथ्याला जाऊन वर चढली होती आणि मी तापानं घरी झोपले होते. फाइल द्यायची तारीख जवळ आली तशी घाबरले. आम्ही तेव्हा कोथरूडला डहाणूकर कॉलनीच्या मागे राहायचो. घराशेजारी एक मोकळा प्लॉट होता, पावसाळ्यात कमरेएवढं रान माजायचं. त्या प्लॉटमधून एका संध्याकाळी सात झाडं उपटून आणली, घाईघाईनं दाबली आणि सातही लेबलांवर 'सिंहगड' लिहून टाकलं. सरांनी सगळी फाइल चाळली, सही केली, मार्क दिले. त्या वयात मला त्यात फार काही वाईट वाटलं नव्हतं. झाड खरं होतं, नाव बरोबर होतं. एका ओळीनं असं काय बिघडतं?

त्या प्लॉटवर आता सात मजली इमारत आहे. खाली पार्किंग, पेव्हिंग ब्लॉक, कुंड्यांत अरेका पाम. तिथे एके काळी काय काय उगवायचं याची माझ्या माहितीत कुठेच नोंद नाही. एकच साक्षीदार होता, आणि त्याच्या तोंडून मी खोटी साक्ष वदवून घेतली.

हे मला आत्ता इतकं लागतं याचं कारण मधल्या काळात हर्बेरियम या गोष्टीशी माझं नव्यानं नातं जुळलं. नोकरी वेगळ्याच क्षेत्रात केली, वनस्पतिशास्त्र सुटल्यात जमा होतं. मग काही वर्षांपूर्वी सकाळी वेताळ टेकडीवर जाणाऱ्या चारपाच जणांबरोबर झाडांच्या नोंदी ठेवायला लागले. एका पावसाळ्यात एक छोटं गवत अडलं. पुस्तकं झाली, फोटो पाठवून झाले. जाणकारांपैकी एकानं सरळ सांगितलं, "फोटोवरून गवत ओळखायचं म्हणजे अंधारात बाण. नमुना करा आणि सर्व्हेत जाऊन जुन्या शीटशी ताडून बघा."

'सर्व्हे' म्हणजे कोरेगाव रस्त्यावरचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र. पुण्यात हे १९५५ पासून आहे. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, आणि पुण्यात जन्मून मी तिथे कधी पाय ठेवला नव्हता.

नमुना करायला घेतला तेव्हा हात सगळं विसरून गेले होते. पुण्याच्या जुलैमध्ये झाड वाळवणं हे चिकाटीचं काम आहे. दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्रं, त्यात झाड, वरून पट्टे आवळायचे. माझ्याकडे प्रेस नव्हता, म्हणून आजोबांच्या मोल्सवर्थ कोशाखाली ठेवलं. रोज कागद बदलायचे, ओले कागद इस्त्रीनं वाळवायचे. एक दिवस आळस केला की बुरशी. दाबायच्या आधी झाड नीट मांडायचं: एक तरी पान उलटं, म्हणजे पाठची बाजू दिसेल, फूल उघडं, मूळ असेल तर मातीसकट नव्हे, धुऊन. गवत लांब असेल तर कापायचं नाही, इंग्रजी एन अक्षरासारखं दुमडायचं. हे सगळं करताना आठवत गेलं आणि त्याबरोबर सर जे रोज घोकून घ्यायचे तेही आठवलं: "झाड तोडायच्या आधी वही काढा. कुठे, केव्हा, कशात उगवलंय, फुलाचा रंग काय, वास आहे का. वाळल्यावर झाड यातलं काहीही सांगणार नाही."

केंद्रातल्या हर्बेरियममध्ये शिरल्यावर आधी गारवा जाणवतो आणि मग वास. लोखंडी कपाटांच्या रांगा, प्रत्येक कपाटात खण, खणात जाड कागदाचे फोल्डर. इथे लाखाच्या वर नमुने आहेत. मला मदत करणाऱ्या मॅडमनी पहिली गोष्ट शिकवली ती शीट हाताळायची. पुस्तकाचं पान उलटतो तसं शीट उलटायचं नाही. दोन्ही हातांनी आडवंच उचलायचं आणि बाजूला आडवंच ठेवायचं, नाहीतर शंभर वर्षं टिकलेलं फूल एका क्षणात गळून पडतं. दुसरी गोष्ट: काम झालं की हात साबणानं धुवायचे. कीड लागू नये म्हणून जुन्या काळी नमुने रसकापराच्या, म्हणजे मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. ते विष अजून कागदात आहे.

माझ्या गवताचं त्या दिवशी काय झालं ते सांगण्यासारखं नाही, साधं निघालं. पण ताडून बघायला काढलेल्या शीटांमधल्या एकीनं मला खिळवून ठेवलं. गवताची काडी दोऱ्याच्या टाक्यांनी कागदाला शिवलेली. गळून पडलेले दाणे फेकून न देता कागदाच्या छोट्या पुडीत घालून तिथेच चिकटवलेले. आणि लेबलाच्या वर, बाजूला, खाली एकेक चिठ्ठी. कोणी गोळा केलं, कोणी आधी ओळखलं. मग दुसऱ्या कोणी बऱ्याच वर्षांनी पाहून नाव बदललं, खाली सही आणि साल. तिसऱ्यानं पुन्हा पाहिलं आणि पहिल्याचंच म्हणणं बरोबर ठरवलं. चौथ्यानं फक्त एक कोंब तपासला, तेवढंच पेन्सिलीनं लिहून ठेवलं. मी त्या चिठ्ठ्या वाचत राहिले. कोणीच कोणाला भेटलेलं नसणार. पण एका काडीभोवती बसून सगळे शांतपणे बोलत होते.

"जुनी चिठ्ठी चुकीची असेल तर काढत नाही का?" मी विचारलं.

"कधीच नाही," मॅडम म्हणाल्या. "खोडायचंही नाही. चूक असली तरी ती राहते. शेजारी आपली लावायची."

पुण्याच्या या संग्रहाची मुळं सर्वेक्षणाच्या केंद्रापेक्षा खूप जुनी आहेत. १८९० साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा पश्चिम भारताचं काम पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सकडे आलं. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो ते इंजिनियरिंग कॉलेज म्हणजेच हे. तिथले प्राध्यापक वुड्रो, जे गणेशखिंडीतल्या वनस्पती उद्यानाचंही काम पाहत, आणि त्यांच्या हाताखालची माणसं सह्याद्रीभर फिरून झाडं गोळा करत होती. तो संग्रह पुढे शेती कॉलेजात गेला आणि तिथून सर्वेक्षणाकडे आला. कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक हे पेशानं इंजिनियर. वसईचा रेल्वेचा लोखंडी पूल बांधलेला माणूस. निवृत्तीनंतर इंग्लंडला जाऊन त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो छापून झाला आणि आजही महाराष्ट्रात झाड ओळखायला बसलेला माणूस कधी ना कधी कुकपाशी येतोच.

या ग्रंथात प्रत्येक झाडाखाली ते कुठे सापडतं त्याची यादी आहे. ठिकाणाचं नाव, त्यापुढे गोळा करणाऱ्याचं नाव, आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. वनस्पतिशास्त्रात या चिन्हाचा अर्थ ठरलेला आहे: हा नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. वुड्रो! डाल्झेल! कानिटकर! आणि पुण्याच्या आसपासच्या ठिकाणांपुढे पुन्हा पुन्हा येणारं एक नाव: भिवा!

नुसतं भिवा. ना आडनाव, ना पदवी, ना 'मिस्टर'. साहेबांच्या आणि पदवीधरांच्या रांगेत एक एकेरी मराठी नाव, आणि त्यापुढे तेच उद्गारचिन्ह जे साहेबाच्या नावापुढे आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते चिन्ह शास्त्राचं वाटलंच नाही. मराठी माणसाला ते वाचताना हाकच ऐकू येते. टेकडीच्या उतारावरून कोणीतरी हाक मारतंय, "भिवाऽ!" आणि तो वाकून काहीतरी उपटतोय, मातीसकट, हळू हाताने. त्यानं ते झाड कुठून आणलं हे खरं सांगितलं आणि ते तसंच लिहिलं गेलं. म्हणून सव्वाशे वर्षांनी त्या ठिकाणाला अर्थ आहे. मी पदवीच्या वर्गात बसून, सगळी व्याख्यानं ऐकून, सात वेळा खोटं लिहिलं.

त्याच कॉलेज ऑफ सायन्सच्या हर्बेरियममध्ये रानडे होते. त्यांनी आंबा घाटातून एक झुडूप आणलं. घंटेसारखं लोंबणारं, पिवळट नारिंगी, लाल शिरांचं मोठं फूल. १८९४ साली वुड्रो आणि लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातले शास्त्रज्ञ ओटो स्टाफ यांच्या नावानं ते शास्त्रात आलं, पण झाडाचं नाव ठेवलं अ‍ॅब्युटिलॉन रानडेई. मराठीत सोनघंटा. भिड्यांचंही तसंच. शेती कॉलेजातल्या भिड्यांच्या नावावर गवताची एक अख्खी प्रजातीच आहे, भिडिया. आपण रस्त्यांना आणि चौकांना नावं देण्यावरून इतके भांडतो, आणि सह्याद्रीच्या पठारावर दर पावसाळ्यात भिड्यांचं गवत आपलं आपण उगवतं, हे किती पुणेकरांना माहीत असेल?

सोनघंटा आज अगदी मोजक्या जागी उरली आहे. असं झाड वाचवायचं तर आधी ते कुठे होतं हे कळायला हवं, आणि ते सांगणारी एकच गोष्ट म्हणजे जुन्या शीटचं लेबल. दुर्मिळ वनस्पतींच्या लाल यादीत एखादं झाड कुठल्या वर्गात टाकायचं हे ठरवताना शास्त्रज्ञ नकाशावर ठिपके टाकतात: पूर्वी कुठे कुठे सापडलं, आता कुठे सापडतं, मधलं किती क्षेत्र गेलं. त्यातले बरेचसे जुने ठिपके म्हणजे एकेका हर्बेरियम शीटवरची एकेक ओळ. ती ओळ खोटी असेल तर ठिपका खोटा, आणि कोणीतरी पावसात दोन दिवस भलत्याच डोंगरावर शोधत फिरणार.

दुर्मिळ झाडांचं महत्त्व सांगावं लागत नाही. मला जास्त बोलायचंय ते टाकळ्यासारख्यांबद्दल, ज्यांना कोणी विचारत नाही. आम्हा विद्यार्थ्यांना गाजरगवत गोळा करायला सांगितलं तेव्हा आम्ही नाक मुरडलं होतं. "हे काय, कुठेही मिळतं." याच गाजरगवताची कथा पुण्याची आहे. भारतात ही वनस्पती आल्याची पहिली शास्त्रीय नोंद पुण्यातली, सर्वेक्षणाच्या याच केंद्रातल्या रोला शेषगिरी राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेली. पुढे ते देशभर पसरलं, शेतं गेली, लोकांना खाज आणि दमा जडला. ते आलं कुठून याचं उत्तर आपल्याकडे पोरालाही पाठ आहे: अमेरिकेच्या पीएल ४८० या धान्य-मदतीच्या कायद्याखाली आलेल्या गव्हातून. म्हणून तर त्याला काँग्रेस गवत म्हणतात.

पण पीएल ४८० चा भारताशी करार झाला तोच ऑगस्ट १९५६ मध्ये, ही नोंद प्रसिद्ध झाली त्याच वर्षी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नंतर अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं आणि जुने संग्रह धुंडाळले तेव्हा १८१४ साली छापलेल्या, रॉक्सबर्गच्या कलकत्ता वनस्पती उद्यानाच्या यादीत हे झाड निघालं, आणि डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत ब्रँडिस यांचा १८८० चा नमुना निघाला. म्हणजे गव्हाच्या बोटी यायच्या कितीतरी आधी हे झाड इथे होतं. गव्हाबरोबर आणखी बी आलं असेल, पसरायला हातभारही लागला असेल. पण गोष्ट आपण सांगतो तितकी सरळ नाही, आणि हे कळलं कशामुळे? कोणीतरी एक सटरफटर तण वाळवून, खाली साल लिहून ठेवलं म्हणून. ते ठेवताना त्याला काय ठाऊक की पाऊणशे वर्षांनी हे तण देशाचं डोकं खाणार आहे!

मला यातलं सगळ्यात जास्त भिडतं ते हेच. नमुना गोळा करणाऱ्याला पुढे कोण कुठला प्रश्न विचारणार याची कल्पनाच नसते. १९८७ साली वुडवर्ड नावाच्या इंग्लिश शास्त्रज्ञानं हर्बेरियममधल्या झाडांची दोनशे वर्षांतली पानं काढून सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रं मोजली. पान ज्यातून श्वास घेतं ती छिद्रं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी पानाला कमी छिद्रं पुरायला लागली, आणि त्या पानांवर ती सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालेली दिसली. ज्यांनी ती पानं दाबून ठेवली त्यांनी हवा बदलेल असं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. बॉस्टनमध्ये प्रायमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बागेतल्या झाडांच्या जुन्या शीटांवरच्या तारखा लावून पाहिल्या, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपेक्षा शेवटी ती झाडं आठ दिवस लवकर फुलत होती. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्यावर पडलेल्या रोगानं सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि साथींनी मेली. त्या काळात कोणीतरी रोगट पानंसुद्धा जपून ठेवली होती. २०१३ साली त्यातला डीएनए काढून रोगजंतूचा नेमका कुठला वाण होता हे शोधलं गेलं.

आपल्याकडे असं काही करायचं म्हटलं तर? कारवी घ्या. सात वर्षांनी फुलणारी, एका डोंगरावर एका साली तर पलीकडच्या डोंगरावर दुसऱ्या. वेगवेगळ्या संग्रहांतल्या कारवीच्या शीटांवरच्या तारखा आणि जागा एकत्र लावल्या तर सह्याद्रीचं केवढं तरी कॅलेंडर तयार होईल. त्याला दुर्बीण लागत नाही की प्रयोगशाळा लागत नाही. कपाटं उघडी हवीत आणि लेबलं खरी हवीत.

जगात सुमारे साडेतीन हजार हर्बेरियम आहेत आणि त्यात मिळून जवळपास ४० कोटी नमुने. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की नव्यानं शास्त्रात आलेल्या जातींपैकी जेमतेम १६ टक्के गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत ओळखल्या गेल्या, आणि जवळपास पाव जातींच्या बाबतीत वापरलेले नमुने पन्नास वर्षांहून जुने होते. म्हणजे जंगलात न जाता, कपाटात नवं झाड सापडतं. ते तिथे पडून असतं, फोल्डरवर चुकीचं नाव घेऊन, कोणीतरी लक्ष देऊन बघेल याची वाट बघत. आणि मधल्या काळात ज्या उतारावरून ते आणलं तो उतार खोदला गेलेला असू शकतो.

कपाटंही सुरक्षित नसतात. १ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनवर बॉम्ब पडले आणि तिथलं हर्बेरियम जळालं, चाळीस लाखांतले बहुतेक नमुने एका रात्रीत राख झाले. ज्या नमुन्यांच्या जोड-प्रती आधीच दुसऱ्या शहरांना पाठवल्या होत्या त्यांचा तरी पुरावा वाचला. म्हणूनच एका झाडाच्या तीनचार फांद्या घेऊन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायची रीत आहे. बर्लिनचा उल्लेख आला की मला आपले शंकर पुरुषोत्तम आघारकर आठवतात. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते बर्लिनमध्ये अडकून पडले, नजरकैदेत राहिले, तरी तिथेच वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आले. पुढे १९४६ साली पुण्यात त्यांनी उभी केलेली संस्था म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था, गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरची. तिथेही हर्बेरियम आहे, शिवाय बुरशींचा वेगळा संग्रह, अजरेकरांच्या नावाचा. पुणेकरांनी त्या रस्त्यावरून जाताना एकदा तरी तिकडे आदरानं बघावं.

बॉम्ब लागतोच असं नाही. एका कॉलेजात मी स्वतः पाहिलंय. वनस्पतिशास्त्राचा विभाग छोटा झाला, खोली दुसऱ्या विषयाला दिली, हर्बेरियमचं कपाट जिन्याखाली आलं. दोन पावसाळे तिथे ओल झिरपली. मग कोणीतरी ते उघडून पाहिलं, आत भुकटी आणि किडे. निर्लेखनाच्या यादीत त्याची नोंद झाली ती अशी: 'जुने कागद, एक कपाट'. पन्नास-साठ वर्षांत विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जमवलेलं पुणे जिल्ह्याचं रान त्या चार शब्दांत गेलं. मला त्या दिवशी रडू आलं. कोणाशी भांडू तेही कळेना, कारण तिथे कोणाला आपण काही घालवलंय असं वाटतच नव्हतं.

हल्ली लोक म्हणतात, फोनवर फोटो काढला की झालं, झाड कशाला तोडायचं? यातला अर्धा भाग मला मनापासून पटतो. दुर्मिळ कंदीलपुष्पाचा कंद उपटून नेणाऱ्याला माफी नाही, मग तो शास्त्राच्या नावानं का असेना. जिथे झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत तिथे परवानगीशिवाय पानालाही हात लावू नये. सर्वेक्षणानं जुन्या शीटांचे फोटो २०२२ पासून सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुले करायला सुरुवात केली आहे, तेही फार मोठं काम आहे. पण फोटोत फूल उकलता येत नाही. फोटोतून डीएनए निघत नाही, छिद्रं मोजता येत नाहीत. उद्या कोणी नवाच प्रश्न घेऊन आलं तर फोटो तेवढंच सांगेल जेवढं आज कॅमेऱ्यासमोर होतं. शिवाय ज्या झाडांना तोडल्यानं काही होत नाही, त्या टाकळ्या-तेरड्यांचे पुण्यातले ताजे नमुने तरी कोण करतंय? वेताळ टेकडीच्या उतारावरून जाणाऱ्या नियोजित बालभारती ते पौड फाटा रस्त्यावरून एवढा वाद झाला. रस्ता व्हावा की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, त्या उतारावर आज काय काय उगवतं याचा वाळवलेला, तारीख घातलेला पुरावा असायला नको?

त्या दुपारी रद्दीवाला आला आणि गेला. फाइल मी दिली नाही. बाकीच्या सहा खोट्या शीटा शोधून काढल्या, टेबलावर ओळीनं मांडल्या. आई स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली.

मग टाकळ्यापाशी भिंग घेऊन बसले. मी विद्यार्थी असताना कॅसिया टोरा लिहिलं होतं. आता त्याला सेना टोरा म्हणतात. त्याच्यासारखाच दिसणारा एक भाऊ आहे, सेना ऑब्ट्युसिफोलिया, आणि दोघांची गल्लत नेहमी होते. ओळखायची खूण पानाच्या दांड्यावर: पर्णिकांच्या सगळ्यात खालच्या जोडीमध्ये एक बारीकशी उभी ग्रंथी असते. ऑब्ट्युसिफोलियाला तेवढीच. टोराला त्याच्या वरच्या जोडीमध्येही एक. मी दिवा जवळ ओढला. पहिल्या पानावर खालची ग्रंथी होती, वरची जागा मोडलेली. दुसऱ्या पानावर पर्णिका एकमेकींवर मिटलेल्या. टाकळा संध्याकाळी पानं मिटतो, आणि मी संध्याकाळी तोडला होता. हे मी पूर्ण विसरले होते, पानानं लक्षात ठेवलं होतं. सुईनं हळूच एक पर्णिका उचलली. तिथे, मिटलेल्या जोड्यांच्या आत, मोहरीहून लहान, काळपट, दोन ग्रंथी. एक खालच्या जोडीत, एक वरच्या.

खाली गेले, कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढरा जाड कागद आणि ड्रॉइंगची शाई आणली. जुनं लेबल काढलं नाही, खोडलं नाही. त्याच्या डाव्या बाजूला जागा होती, तिथे चिठ्ठी लावली:

'सेना टोरा. दोन ग्रंथी पाहिल्या. शेजारच्या लेबलावरचं ठिकाण आणि उंची चुकीची आहे. खरं ठिकाण: पुणे, कोथरूड, डहाणूकर कॉलनीच्या मागचा मोकळा प्लॉट, आता इमारत. काळी माती, विटांचे तुकडे, बरोबर केना आणि आघाडा. संध्याकाळी तोडला, पानं मिटलेली. तारीख सप्टेंबर १९९६, दिवस आठवत नाही.'

खाली सही केली आणि आजची तारीख घातली. शाई वाळेपर्यंत थांबले, मग दोन्ही हातांनी आडवं उचलून दुसरं शीट पुढे घेतलं.